माइकवाल्याकडे नाव द्या

चैत्र लागला की जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतून पुण्या-मुंबईला गेलेल्या लोकांच्या प्रकृतीत एकाएकी बिघाड होऊ लागतो. कुणाची पाठ धरते, कुणाचे लांबचे मामा अत्यवस्थ होतात. ऑफिसातल्या साहेबाला हे सगळं माहीत असतं. पण त्याच्याही गावची यात्रा त्याच आठवड्यात असते आणि त्याचेही मामा अत्यवस्थ असतात, त्यामुळे कुणी कुणाला खोलात जाऊन विचारत नाही.

माझं माहेर पुण्यातल्या पेठेतलं. आमच्याकडे कलेचा उत्सव म्हणजे डिसेंबरातला सवाई गंधर्व, भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला. तिथे माणसं शाल आणि थर्मास घेऊन बसतात, खोकला आला तरी समेपर्यंत धरून ठेवतात आणि शेजारच्याने भलत्या जागी ‘वा’ म्हटलं तर त्याच्याकडे सावकाश वळून पाहतात. प्रेक्षकाने कसं असावं याचं माझं शिक्षण तिथे झालं. लग्नानंतर सासरच्या यात्रेला गेले आणि ते सगळं शिक्षण वेशीवरच्या कमानीपाशी उतरवून ठेवावं लागलं. यात्रेत प्रेक्षक असा वेगळा वर्ग नसतोच. माइकवरून आपलं नाव कधी पुकारतात याची जो तो वाट पाहत असतो, आणि मधल्या वेळात जे चालतं त्याला कार्यक्रम म्हणतात.

कमानीच्याही आधी फ्लेक्स लागतो. वर मधोमध ग्रामदैवत, दोन्ही बाजूंना नेतेमंडळी, आणि त्याखाली गावातले यच्चयावत पुरुष पासपोर्ट आकारात. गावच्या सरपंच बाई आहेत, म्हणून त्यांचाही फोटो असतो. शेजारी त्यांच्या यजमानांचा असतो, तो जरा मोठा असतो. ‘समस्त पुणेकर ग्रामस्थ’ या रांगेत आमचे हे आहेत. फोटो आमच्या लग्नाच्या सुमाराचा, डोक्यावर भरघोस केस असलेला. नवीन फोटो पाठव म्हणून भाऊजींनी दर वर्षी सांगायचं आणि ह्यांनी दर वर्षी विसरायचं, असा दोघा भावांत अलिखित करार आहे. चौदा वर्षांची आमची मुलगी फ्लेक्सपाशी गाडी थांबवायला लावते आणि अत्यंत निरागस चेहऱ्याने विचारते, “बाबा, हे कोण काका?”

यात्रेची खरी सुरुवात मात्र गुढीपाडव्याला नारायणगावात झालेली असते. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावात पाडव्याच्या आसपास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. बाहेर फडाच्या नावाचा बोर्ड, आत खुर्च्या, टेबल आणि डायरी घेतलेला मॅनेजर. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे सुपारी द्यायला जातात. आमचे भाऊजी कमिटीत आहेत. एरवी भाजी घ्यायला पाठवलं तर पहिल्या गाड्यावरची वांगी उचलून परत येणारा हा माणूस त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत चहा पीत फिरतो. नाचणाऱ्या मुली किती, ढोलकीवाला कोण, वग नवा की गेल्या साली शेजारच्या गावात झालेला, जनरेटर स्वतःचा आहे का, अशी उलटतपासणी चालते. मॅनेजर सगळ्याला हो म्हणतो आणि शेवटी एकच विचारतो, “तारीख कोणती?” तिथे भाऊजींचा आवाज बसतो. चैत्रातल्या कालाष्टमीसारख्या तिथीला कितीतरी गावांच्या यात्रा एकदमच येतात, आणि फड काही गावांइतके नसतात. गाव तिथी पुढे-मागे करू शकत नाही हे मॅनेजरला पक्कं ठाऊक असतं. देवापुढे गावाचं चालत नाही आणि तिथीपुढे देवाचंही चालत नाही. सुपारीचा आकडा घेऊन भाऊजी रात्री घरी येतात तेव्हा सासरे ऐकून घेतात, पानाला चुना लावतात आणि म्हणतात, “एवढ्यात बैलजोडी आली असती.” हे ते दर वर्षी म्हणतात. रक्कम वाढते तशी बैलजोडीही महाग होते, म्हणून वाक्य बदलावं लागत नाही.

हे पैसे वर्गणीतून उभे राहतात, आणि वर्गणी देणाऱ्याचं नाव माइकवरून वाचायचं हा यात्रेचा कणा आहे. देवळासमोरच्या पिंपळावर दोन कर्णे बांधलेले असतात. पहाटेच्या अभिषेकापासून ते जे सुरू होतात ते फक्त लाइट गेल्यावर थांबतात. माइकवाला हा या उत्सवातला एकमेव कलावंत, ज्याला विंगेत जायची परवानगी नाही. त्याच्याकडे विशेषणांचं एक दरपत्रक आहे. ते कुठे लिहिलेलं नाही, पण दोन-तीन यात्रा लक्ष देऊन ऐकल्या की कळतं. एकशे एक रुपयांना ‘आपले बंधू’. पाचशे एकला ‘गावचे सुपुत्र’. हजार एकला ‘साहेब’ लागतं, मग तो शिपाई का असेना. पाच हजार एकला ‘पुण्याचे प्रसिद्ध उद्योजक’. आमचे हे एका विमा कंपनीत नोकरीला आहेत. गेली काही वर्षं ते चैत्रात दोन दिवस प्रसिद्ध उद्योजक असतात. ते पुकारलं जातं तेव्हा हे मुद्दाम दुसरीकडे पाहतात, आणि नंतर हळूच मला विचारतात, “ऐकू आलं का तुला?” गावात सहा ठिकाणी कर्णे वाढवलेत. शेजारच्या गावालाही ऐकू आलेलं असतं.

ज्याला माइक नाही असं एकच खातं यात्रेत आहे, ते म्हणजे चूल. पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी मटण. दोन्ही दिवस भाकऱ्या. किती, हे विचारायचं नसतं. पीठ संपलं की दुसरा डबा उघडायचा. पाहुणे येत राहतात. मोठ्या जाऊबाईंनी मला पहिल्याच वर्षी नियम सांगून ठेवला होता: जेवताना ओळख विचारायची नाही, हात धुताना विचारायची. एकदा एक गृहस्थ दोनदा रस्सा वाढून घेऊन, ढेकर देऊन, हात धुताना म्हणाले की ते बैल घेऊन आलेत आणि त्यांचे पाहुणे पलीकडच्या आळीत राहतात, पण इकडचा वास चांगला आला. जाऊबाईंना याचा इतका अभिमान वाटला की तो किस्सा त्या अजून सांगतात.

मी एकदा भाकऱ्या थापता थापता पाठ दुखते असं बोलून गेले. सासूबाई परातीवरून मान वर न करता म्हणाल्या, “विठाबाई तमाशा चालू असताना बाळंत झाली आन् परत बोर्डावर उभी राहिली. तुझी चार भाकऱ्यांत पाठ धरली व्हय?” विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या आमच्या तालुक्यातल्या आजींच्या हातातलं ब्रह्मास्त्र आहे. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून ज्यांचा गौरव झाला, त्या बाईंचं उदाहरण समोर आलं की सुनेला पुढे काही बोलता येत नाही. मी पुढची भाकरी थापली.

पुरुषमंडळी दरम्यान घाटात असतात. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा चढ. आमच्या भागात गाड्याला चार बैल, पुढे घोडी, आणि सगळा मामला चढावर काही सेकंदांत संपतो. त्या काही सेकंदांसाठी माणसं सकाळी सातपासून उन्हात उभी असतात. सासऱ्यांची कालगणना या घाटावर चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी दिली, पुढे मे २०२३ मध्ये घटनापीठाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यामुळे जगातल्या घटना आमच्या घरी तीन भागांत मोडतात: बंदीच्या आधी, बंदीत आणि बंदी उठल्यावर. थोरली नात बंदीच्या आधीची. धाकटा नातू बंदीतला. “म्हणून जरा मऊ निघाला,” असं ते त्याच्यादेखत सांगतात. बंदीच्या काळातही ते यात्रेच्या सकाळी टोपी घालून रिकाम्या घाटात जाऊन बसायचे म्हणे, आणि बरोबरीचे चारपाचजण तिथे भेटायचेच. गाडा नव्हता, पण कुणाचा गाडा किती सेकंदांत गेला असता यावर भांडण व्हायचं.

घाटातला निवेदक देवळातल्या माइकवाल्यापेक्षा निराळ्या घराण्याचा. तो बोलत नाही, तो गाड्याबरोबर पळतो. गाडा सुटला की “झाली, झाली, झालीऽऽ” करत त्याचा आवाज चढत जातो आणि शेवटी “भिर्रर्रर्र!” होतो. सवाईत तानेला दाद देणाऱ्या माझ्या वडिलांना एकदा इथे आणलं होतं. ते डोळे मिटून ऐकत होते. नंतर म्हणाले, “श्वास कुठे घेतो ते कळत नाही. याला कुणी शिकवलं?” नातवाने शिकवणीची वाट पाहिली नाही. पुण्याला परतल्यावर लिफ्टचं दार बंद होताना, कुकरची शिट्टी होताना, शाळेची बस सुटताना “भिर्रर्र” सुरू झालं. वर्गशिक्षिकेने वहीत शेरा लिहून पाठवला. त्या बाई मंचरच्या निघाल्या, म्हणून प्रकरण शेऱ्यावर भागलं.

या बंदीतल्या नातवाला कुस्तीच्या आखाड्यात उतरवायचं भाऊजींच्या मनात बरेच दिवस होतं. आखाडा दुपारी कलत्या उन्हात भरतो. मोठ्या पैलवानांच्या निकाली कुस्त्या शेवटी. आधी लहान पोरांच्या, रेवड्यांवरच्या. पंच दोन पोरं खांद्याला खांदा लावून उभी करतात, उंची जुळली की झाली जोड. चिरंजीव पुण्यात कराटेच्या क्लासला जातात. तिथे लढतीआधी समोरच्याला कमरेत वाकून अभिवादन करायला शिकवलंय. ते तांबड्या मातीत उतरले आणि वाकले. समोरचा पोरगा एवढा जवळ आलेला पाय सोडणार थोडाच! त्याने धरला. आमचा मुलगा सरळ झाला तो पाठीवर. माइक लगेच बोलला, “पुण्याचे पैलवान चितपट! पण पाव्हणं हायेत, त्यांना बी दहा रुपये.” मुलाने ते दहा रुपये घट्ट धरून विचारलं, “आई, माझं नाव नाही घेतलं, नुसतं पुण्याचे म्हणाले.” रेवड्या त्याने दोस्तांत वाटल्या, ज्यांत त्याला पाडणारा तो पोरगाही होता. रात्री दोघे एकाच पाळण्यात बसले आणि खाली उतरून एकाच कागदातली गोडी शेव खाल्ली.

तमाशाच्या गाड्या दुपारीच आलेल्या असतात. कलाकारांची बस, सामानाचे ट्रक. उघड्या मैदानात स्टेज उभं राहताना पाहायला निम्मं गाव जमतं, आणि खरं सांगायचं तर हा भाग मला वगापेक्षाही आवडतो. तासाभरापूर्वी जिथे म्हैस बांधलेली होती तिथे राजदरबार उभा राहतो, आणि म्हैस वीसेक हात पलीकडून पाहत असते. मुलीला नाचाची आवड, म्हणून जाऊबाई तिला रंगपटात घेऊन गेल्या. जाऊबाईंची तिथे कुणाशीच ओळख नाही, पण त्यांनी जाताना डबाभर पुरणपोळ्या नेल्या होत्या. मुलगी परत आली ती हरखून. गवळणीत मावशीचं काम करणारे पन्नाशीचे गृहस्थ डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून खुर्चीत बसले होते आणि मोबाइलवर आयपीएलचा सामना पाहत होते. बॅटरी उतरत आली होती. त्यांनी तिच्याकडे चार्जर मागितला. आमच्या घरातला एकमेव बरा चार्जर त्या रात्री तमाशाच्या सेवेत गेला. तिने शाळेतल्या मैत्रिणींना काय कळवलं ते मला माहीत नाही, पण त्यानंतर तिने फ्लेक्सवरच्या काकांबद्दल चकार शब्द काढला नाही.

रात्री बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. सासूबाई स्वतःची सतरंजी घेऊन पुढच्या रांगेत. त्यांच्या सुनपणी बायकांनी तमाशाला बसायची पद्धत नव्हती. त्यांनी त्या काळातले सगळे वग घरामागच्या ओट्यावर भांडी घासत, भिंतीपलीकडून ऐकलेले आहेत. त्यामुळे राजा दिसायला कसा होता हे त्यांना सांगता येत नाही. मात्र तो काय म्हणाला ते अक्षरन् अक्षर पाठ. आता समोर बसायला मिळतं, तर त्या डोळे मिटून घेतात आणि नटाने वाक्य गाळलं की “हूं!” करतात. पहिल्या दोन रांगांना ते ऐकू जातं. एकदा प्रधानाचं काम करणाऱ्याने ते ऐकून मागे जाऊन गाळलेलं वाक्य म्हटलं होतं.

गण झाला. गवळण सुरू झाली. राधा माठ घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाली, पेंद्याने वाट अडवली, मावशीने पदर खोचून तोंड उघडलं, आणि माइकवाला म्हणाला, “मंडळी, एक मिनिट.” मग ढोलकीसाठी दोनशे एक, हलगीसाठी एकशे एक, मावशीच्या ठसक्यासाठी एक्कावन्न. देणाऱ्याचं नाव, आळी, सध्या मुक्काम. राधा डोक्यावरचा माठ तसाच धरून उभी. तिला सवय आहे. एक हात माठाला, दुसऱ्या हाताने ती डास मारत होती. नावं संपली, मावशी उघडं राहिलेलं तोंड मिटून पुन्हा उघडती झाली, आणि मथुरेचा बाजार तीन पावलं जवळ आला.

रंगबाजीत लावण्या आणि सिनेमाची गाणी झाली, तेव्हा पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या वाजल्या. पण आमच्या ह्यांनी मुलगी बघतेय म्हणून हाताची घडी घातली होती, आणि भाऊजी कमिटीचा बिल्ला लावून असल्यामुळे त्यांना हसण्याचीही सोय नव्हती. मुलगी मात्र पुढे सरकून पायांकडे पाहत होती. “आई, ती ताई एवढे घुंगरू बांधून इतकं हळू कसं पाऊल टाकते?” क्लासमधल्या बाई महिनाभर हेच सांगत होत्या, ते इथे दोन मिनिटांत पोचलं.

वगाला हात लागला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम २००० सालापासून आहे, वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंतची सूट मिळते, आणि कमिटीने ती अर्ज करकरून मिळवलेली. बारा म्हणजे बारा. पोलिसांची गाडी मैदानाच्या कडेला दिवे मालवून उभी. आता एवढ्या वेळात राजाला विष घालायचं, राणीने वनवासाला जायचं, राजपुत्राने वाढायचं, सूड घ्यायचा. वगातल्या लोकांनी हे ज्या वेगाने केलं तो घाटातल्या बैलांनाही जमला नसता. प्रधान राजाला म्हणाला, “घ्या महाराज, दूध,” आणि राजा पेला तोंडाला लागायच्या आत गेला. ढोलकीवर एक थाप पडली तेवढ्यात राजपुत्राला मिशा फुटल्या. बाराला पाच कमी असताना माइकवाल्याने सरपंच बाईंचा सत्कार मध्ये घातला. राजपुत्र तलवार उगारून, प्रधान मान पुढे करून, दोघेही शाल-श्रीफळ संपायची वाट पाहत राहिले. बाराच्या ठोक्याला प्रधान स्वतःहून मेला. सासूबाई संतापल्या. मरायच्या आधी त्याला एक मोठं भाषण होतं. घरी येईपर्यंत त्यांनी ते आम्हाला रस्त्याने म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या. रात्रीची रंगरंगोटी उतरवून, साध्या साडीत आणि सदऱ्यात फडाची मंडळी देवळासमोर येतात, देवापुढे हजेरी लावतात, गातात, आणि गाव त्यांना बक्षीस देतं. रात्रीची मावशी आता चष्मा लावलेले, गंभीर, बँकेतून निवृत्त झाल्यासारखे गृहस्थ होते. त्यांनी येऊन चार्जर परत दिला आणि पुरणपोळ्यांबद्दल आभार मानले.

आम्हाला दहाच्या आत निघायचं होतं. चाकणच्या चौकात दुपारी गाडी अडकली की पुणे गाठायला संध्याकाळ होते. ह्यांनी डिकी भरली होती, गाडी देवळापाशी आणून उभी केली होती. सासूबाईंनी पदराच्या गाठीतून नोटा सोडल्या आणि नाण्यासकट ढोलकीवाल्यासाठी माइकवाल्याकडे दिल्या. त्याने घोषणा केली: पुण्याचे प्रसिद्ध उद्योजक यांच्या मातोश्रींकडून, पाचशे रुपये.

सासूबाई जागच्या उठल्या आणि सरळ माइकपाशी गेल्या. कर्ण्यावर ऐकू यायला लागलं.

“मला काय नाव न्हाई व्हय रं?”

“तसं न्हाई चुलते… आपलं, काकू. आता सगळी काकूच म्हणत्यात, मला ठावं न्हाई नाव.”

सासूबाईंनी नाव सांगितलं. त्याने ते पुकारलं. गावात पन्नास वर्षं काढलेल्या बाईचं नाव त्या दिवशी सहा ठिकाणच्या कर्ण्यांतून पहिल्यांदा निघालं, आणि सासरे पानाला चुना लावता लावता थांबले. पण सासूबाई हलल्या नाहीत.

“आन् पाचशे एक. वरचा रुपया कुठं गेला?”

तिसऱ्यांदा घोषणा झाली, रुपयासकट. तोवर जाऊबाई एकशे एक घेऊन मागे उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या मागे पलीकडच्या आळीच्या दोघी, त्यांच्या मागे आणखी काही. माइकवाल्याची पंचाईत झाली. त्याच्या दरपत्रकात बायकांसाठी एकही विशेषण नव्हतं. त्याने घाम पुसला आणि जाऊबाईंना ‘प्रसिद्ध उद्योजक’ करून टाकलं. एकशे एक रुपयांत! पाच हजार एक देऊन बसलेल्या आमच्या ह्यांनी गाडीतून हॉर्न वाजवला.

“चाकणला अडकू आपण!” त्यांनी काच खाली करून ओरडून सांगितलं.

“अडका,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या सुनेचं राहिलंय.”

मी पर्स उघडली. सुट्टे नव्हते, दोन हजार रुपये फोनमध्ये होते. मुलीने माझ्या हातातला फोन घेतला आणि माइकवाल्याला विचारलं, “काका, गूगल पे चालतं?”

त्याने माइक काखेत धरला आणि गळ्यात अडकवलेला क्यूआर कोड पुढे केला.